बीटी हरलं की आपण?

गुलाबी बोंडअळीची बातमी आली की ‘बीटी फेल गेलं’ असं सरसकट बोललं जातं. २०१७ मध्ये तिने विदर्भ-मराठवाड्यातली कपाशी पोखरल्यापासून हे मत पक्कं झालं आहे. पण यात ज्याच्यावरून या कपाशीला ‘बीटी’ म्हणतात, त्या जिवाणूचा दोष किती? बॅसिलस थुरिंजिएन्सिस मूळचा मातीतला. जपानच्या शिगेताने इशिवाता यांनी तो १९०१ मध्ये रोगट रेशीमकिड्यांत हेरला; नाव मात्र दहा वर्षांनी बर्लिनर यांना जर्मनीत मिळालेल्या नमुन्यामुळे थुरिंजियाचं लागलं. इशिवातांवर हा अन्यायच झाला. अन्न संपलं की बॅसिलस कुळातले जिवाणू टणक बीजाणू करून तग धरतात. थुरिंजिएन्सिस बीजाणूबरोबर प्रथिनाचा स्फटिकही घडवतो. अळीच्या अल्कधर्मी आतड्यात तो विरघळतो, पेशींना छिद्रं पाडतो आणि बीजाणूंना रुजायला आयतं शरीर मिळतं. किती देखणी योजना! आपल्या आम्लधर्मी जठरात मात्र तो निव्वळ प्रथिन म्हणून पचतो. शिवाय पानावरचा स्फटिक उन्हात काही दिवसांतच निकामी होतो, त्यामुळे अळ्यांवर त्याचा दबाव सततचा नसतो.

कपाशीत आपण नेमका हाच संयम काढून टाकला. २००२ पासून या जिवाणूचं एक आणि २००६ पासून दोन प्रथिनं झाडाच्या अंगातच, हंगामभर. सगळीकडे तेच विष असेल तर ते पचवणारीच अळी मागे उरते, आणि तिच्या पतंगाची जोडी प्रतिकार नसलेल्या पतंगाशी जुळावी म्हणून दिलेलं नॉन-बीटीचं पाकीट बहुतेक शेतांत पेरलंच गेलं नाही. फरदडीने, म्हणजे हंगाम संपल्यावरही उभ्या ठेवलेल्या कपाशीने, अळीला आणखी काही महिने अन्न दिलं. त्यात आपली कपाशी संकरित: एकाच बोंडात काही सरक्यांत दोन्ही प्रथिनं, काहींत एकच, काहींत एकही नाही. सरकी खाणाऱ्या अळीला प्रतिकार शिकवायची याहून सोपी शाळा नसेल.

यावर कोणी म्हणेल, बीटीच्या नुसत्या फवारणीलाही कीड सरावली होतीच. खरं आहे, हवाईत कोबीवरच्या चौकोनी ठिपक्यांच्या पतंगाने ते दाखवलं, पण जिथे फवारे पुन्हापुन्हा मारले गेले तिथेच. दुसरा आक्षेप असा की अमेरिकेतली गुलाबी बोंडअळी वंध्य पतंग सोडून संपवली, बीटीने नव्हे. पण ॲरिझोनातल्या शेतकऱ्यांनी आधी वर्षानुवर्षं नॉन-बीटी कपाशी राखली, म्हणून बीटी तिथे प्रभावी राहिलं, आणि त्याने अळी इतकी विरळ केली की वंध्य पतंग पुरे पडले. २०१८ मध्ये तिथलं कपाशीचं क्षेत्र या अळीपासून मुक्त जाहीर झालं.