जूनचा पैसा दिवाळीतच बाजूला काढा

आज घरखर्चाच्या हिशेबावर बोलू. हिशेबाचं नाव काढलं की गटातल्या बाया म्हणतात, "ताई, पैसाच नाही तर हिशेब कशाचा मांडायचा?" मीसुद्धा आधी असंच म्हणायचे.

नोकरदाराच्या घरी दर महिन्याला पगार येतो, म्हणून त्यांचा हिशेब महिन्याचा. आपलं तसं नाही. सोयाबीन विकलं की दिवाळीच्या आगेमागे एकदम रक्कम हातात येते. हरभरा असला तर उन्हाळ्याच्या तोंडाला थोडी. मधल्या दिवसांत मजुरी, दूध, एखादं बोकड. बाजारहाट मात्र दर आठवड्याला आहेच. म्हणून आपला हिशेब वर्षाचा हवा.

वहीच्या एका पानावर बारा महिन्यांची नावं एकाखाली एक लिहा. एका बाजूला त्या महिन्यात येणारा पैसा, दुसऱ्या बाजूला जाणारा. आकडा अंदाजे चालेल. लिहिता येत नसेल तर लेकीला शेजारी बसवा. पान भरलं की खड्डा कुठं आहे ते डोळ्यांना दिसतं. माझ्या पानावर तो जूनमध्ये निघाला. बियाणं, खत, पोरांच्या वह्या-पुस्तकं, गणवेश, गळक्या पत्र्याची दुरुस्ती, सगळं मिळून 18,000 रुपये. आणि त्याच महिन्यात घरात येणारं जवळजवळ काहीच नाही.

हा खड्डा आम्ही वर्षानुवर्षं खासगी सावकाराच्या पैशानं भरत होतो. शेकडा पाच. ऐकायला पाच म्हणजे फार वाटत नाही. बँक तर बारा म्हणते! पण बँकेचे बारा वर्षाचे असतात आणि सावकाराचे पाच महिन्याचे. वर्षाचे झाले साठ. जूनमध्ये घेतलेले 18,000 सोयाबीन विकून नोव्हेंबरात फेडले, तर महिन्याला 900 प्रमाणे पाच महिन्यांचं व्याज 4,500 रुपये. एका क्विंटल सोयाबीनच्या आसपासची रक्कम झाली ही. काढणी आपण करायची आणि ते पोतं दुसऱ्याच्या घरी जायचं.

आपल्या आज्या घरात कितीही ओढ असली तरी बियाण्याच्या कणगीला हात लावत नसत. जूनचा पैसाही तसाच धरायचा. माल विकला त्याच आठवड्यात, दिवाळीचे कपडे घ्यायच्या आधी, आधी देणं भागवायचं आणि मग जूनची रक्कम बाजूला काढायची. उरेल त्यात दिवाळी. हे सांगणं सोपं, करणं अवघड. पहिल्या वर्षी मला 6,000 च ठेवता आले. घरात ठेवले असते तर पाहुण्यारावळ्यांतच गेले असते, म्हणून बँकेत सहा महिन्यांच्या ठेवीत टाकले. उरलेले 12,000 जूनमध्ये गटातून घेतले, शेकडा दोननं. पाच महिन्यांचं व्याज 1,200. म्हणजे 3,300 रुपये घरात राहिले, आणि ते 1,200 सुद्धा आपल्याच गटाच्या पेटीत पडले. शेकडा दोन हेही वर्षाला चोवीस होतात, फार स्वस्त नाही. ज्यांच्या नावावर जमीन आहे त्यांनी आधी बँकेच्या पीक कर्जाची चौकशी करावी. ते वेळेत फेडलं तर व्याज पुष्कळ कमी पडतं.

दर आठवड्याच्या हप्त्याचं कर्ज घेताना मात्र वहीचं पान समोर ठेवा. हप्ता आठवड्याचा आणि घरचा पैसा वर्षातून दोनदा, मग फेडणार कशातून? दुधाचा किंवा मजुरीचा पैसा आठवड्याला हातात येत असेल तरच त्या वाटेला जा. एका कंपनीचा हप्ता भरायला दुसरीचं कर्ज काढलेल्या बाया मी पाहिल्या आहेत.

जूनचा खर्चही थोडा कमी होतो. सोयाबीनचं घरचं बियाणं चालतं. 100 दाणे ओल्या गोणपाटात गुंडाळून ठेवा, पाणी शिंपडत राहा. आठवडाभरात 70 किंवा जास्त चांगले उगवले तर पिशवी विकत घ्यायची गरज नाही.

आणखी एक. हे पान नवऱ्यासोबत बसून भरा. बचत म्हटलं की बाई आधी स्वतःच्या ताटातलं कमी करते, औषध पुढं ढकलते. ते मला पटत नाही. तंबाखू-चहाचे रोजचे 20 रुपये वर्षाचे 7,300 होतात. आपण बोललो तर भांडण होतं. ते आमच्या घरी त्यांनी स्वतःच्या हातानं लिहिलं, मग मला काही बोलावं लागलं नाही.

मे महिन्याच्या शेवटी बँक खात्यात 456 रुपये शिल्लक आहेत का, तेही बघा. पंतप्रधान सुरक्षा विम्याचे 20 आणि जीवन ज्योती विम्याचे 436 तेव्हाच कापले जातात. दोन्ही विमे दोन-दोन लाखांचे. पहिला अपघाताचा, दुसरा कोणत्याही कारणानं मृत्यू आला तर घरच्यांना मिळणारा. जूनच्या ओढीत खातं रिकामं राहिलं की विमा बंद पडतो आणि घरात कुणाला कळतही नाही. म्हणून पानावर मे महिन्यासमोर हे 456 आजच लिहून टाका. नवी वही आणायला नको, पोरांच्या गेल्या वर्षीच्या वहीतलं कोरं पान चालतं.