अजिंठा उतरवून घेणारे चित्रकार

जळगावहून अजिंठ्याची लेणी 60 किलोमीटरच्या आसपास. पहिल्या क्रमांकाच्या लेण्यात शिरलेली माणसे बोधिसत्त्व पद्मपाणीच्या चित्रासमोर थांबतात आणि पुढे सरकतात. तिथे थोडे रेंगाळून छताकडे पाहावे. चौकोनी चौकटी, प्रत्येकीत वेगळे काही: कमळे, फळे, हंस, गप्पा मारणारी माणसे, एका चौकटीत उसळलेला बैल. छत असे विभागले की अनेकांना एकाच वेळी कामाला लावता येते. मला हे लेणे मंदिराइतकेच कामाची जागा म्हणूनही दिसते.

काम चाले ते असे. छिन्नीच्या घावांनी मुद्दाम ओबडधोबड ठेवलेल्या खडकावर मातीचा गिलावा चढे. तो धरून राहावा म्हणून मातीत भुसा आणि वनस्पतींचे तंतू कालवत. त्यावर चुन्याचा पातळ हात. तो वाळल्यावर गेरूच्या रेषेने आकृती, मग रंग, शेवटी ठसठशीत बाह्यरेषा. रंग बहुतेक मातीतलेच: गेरू, पिवळी माती, हिरवी माती, काळ्यासाठी काजळी. निळा मात्र लाजवर्द या दगडाचा, थेट अफगाणिस्तानातून आलेला. हे रंग सरसासारख्या चिकट द्रव्यात कालवून कोरड्या पृष्ठभागावर लावलेले आहेत, म्हणून त्यांना चकाकी नाही. शेजारशेजारच्या आकृतींतली रेषा नीट पाहिली तर एक सराईत, एक चाचपडणारी. हात अनेक होते.

अनेक हातांनी रंगवलेले एकट्याने उतरवून घेणे किती अवघड, ते रॉबर्ट गिलने भोगले. मद्रास सैन्यातल्या या अधिकाऱ्याला 1844 मध्ये नकलांच्या कामावर नेमले. त्याने वर्षानुवर्षे खपून कॅनव्हासवर तैलरंगात मोठमोठी चित्रे केली. ती लंडनला गेली आणि 1866 च्या क्रिस्टल पॅलेसच्या आगीत बहुतेक जळाली. गिल परत कामाला लागला. 1879 मध्ये तो वारला. त्याची कबर भुसावळला आहे. त्याने लेण्यांची छायाचित्रेही काढली होती, पण त्या काळच्या छायाचित्रात रंग येत नसे. रंगासाठी चित्रकारच लागे.

1872 पासून मुंबईच्या जे. जे. कलाशाळेच्या जॉन ग्रिफिथ्सनी हे काम पथकाकडे दिले. सरकारी खर्चाने हिवाळ्यात विद्यार्थी लेण्यांत येत आणि कॅनव्हासवर तैलरंगात नक्कल करत. पुढे नामवंत झालेले पेस्तनजी बोमनजी त्यांतलेच. मध्ये खंड पडत हे काम 1885 पर्यंत चालले.

तैलरंगाची एक अडचण होती. तेलाला चकाकी असते, भिंतीला नाही. भिंतीवरचा हलका, भुकटीसारखा पोत तेलात जड होतो. त्यात मूळ चित्र ठळक दिसावे म्हणून भिंतींना व्हार्निश लावले गेले, ते पुढे पिवळे पडले. नक्कल चांगली व्हावी म्हणून मूळ वस्तूलाच धक्का लावला, हे मला आजही सलते.

1909 ते 1911 दरम्यान इंग्रज चित्रकार लेडी हेरिंगहॅम नकला करायला दोन हिवाळे आल्या. चेन्निनीच्या चित्रकलेवरील जुन्या इटालियन ग्रंथाचे भाषांतर त्यांनी 1899 मध्येच केले होते, त्यामुळे तेल नसलेले रंग कसे वागतात हे त्यांना नेमके ठाऊक होते. सोबत नंदलाल बोस, असितकुमार हालदार, वेंकटप्पा अशी तरुण मंडळी होती. नंदलालांच्या पुढच्या चित्रांत इथली रेषा स्पष्ट दिसते. नक्कल करता करता शिक्षण झाले ते असे.

ग्रिफिथ्सच्या पथकाची बरीच चित्रे 1885 मध्ये लंडनच्या साउथ केन्सिंग्टनच्या आगीत गेली. उरलेली तिथल्याच व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट संग्रहालयात आहेत. 1896–97 मध्ये निघालेल्या दोन खंडांच्या ग्रंथावर लेखक म्हणून नाव ग्रिफिथ्सचे आहे. मुंबईच्या पोरांची नावे मात्र सामान्य वाचकापर्यंत फारशी आली नाहीत. ती यायला हवीत, कारण गिलावा नंतरही निसटत राहिला आणि आज भिंतीवर नसलेले काही तुकडे फक्त त्यांच्या कॅनव्हासवर सापडतात. लेणी पाहायला जाताना या नकलांची छापील चित्रे जवळ ठेवावीत आणि उजेड बेताचाच असतो म्हणून डोळे सरावेपर्यंत थांबून मगच एकेक चौकट ताडून पाहावी.