संसारात रमलेले संत एकनाथ

संत एकनाथ (सोळावे शतक) पैठणचे. आईवडील लहानपणीच गेले, आजोबांनी वाढवले. देवगिरीला जनार्दनस्वामींकडे शिकून ते परतले आणि गिरिजाबाईंशी लग्न करून घरसंसाराला लागले. घर सोडून देव शोधण्याची गरज त्यांना वाटली नाही. पहाटे स्नान-पूजा, दुपारी अतिथीला जेवण, रात्री कीर्तन असा त्यांचा दिवस परंपरेने वर्णिला आहे.

स्वभावाने शांत आणि मोठे विनोदीही. त्यांच्या भारुडांत विंचू चावतो, जोशी भविष्य सांगतो, सून सासूवर वैतागते. लोक हसतात आणि हसता हसता अध्यात्म गळी उतरते. श्राद्धाचे अन्न त्यांनी अस्पृश्य मानल्या गेलेल्यांना वाढल्याची कथा प्रसिद्धच आहे. मुलगा हरिपंडित मात्र कर्मठ. वडिलांच्या प्राकृत पुराणावर तो रुसून काशीला गेल्याचे सांगतात. सगळेच घर एका सुरात नव्हते, हे वाचून उलट बरे वाटते.

त्याच काशीत १५७३ साली नाथांचे भागवत पूर्ण झाले. १५८४ मध्ये त्यांनी ज्ञानेश्वरीची शुद्ध प्रत सिद्ध केली. फाल्गुन वद्य षष्ठीला, १५९९ मध्ये, पैठणला गोदावरीत त्यांनी देह ठेवला. त्या तिथीला नाथषष्ठीची यात्रा आजही भरते.