कोंबड्याच्या पायाची खरूज : घरचा इलाज

मुदखेडच्या बाजारात गिऱ्हाईक आधी कोंबड्याचे पाय पाहते. खवले उभे राहून पांढरी खपली धरली, की भाव पडला. खवल्याखाली शिरणाऱ्या बारीक किड्यामुळे ही खरूज होते. काही भाऊ तिच्यावर रॉकेल किंवा कपाशीचे औषध चोळतात. रॉकेलने कातडी भाजते; औषधाचे विष मांसात उतरून खाणाऱ्याच्या पोटात जाऊ शकते. अशा विक्रीला हलाल कमाई कसे म्हणावे?

आम्ही सांगतो तो इलाज स्वस्त आहे. पाय कोमट साबणपाण्यात भिजवावेत. सुटलेली खपली तेवढीच काढावी, ओढली तर रक्त येते. मग खोबरेल तेल किंवा व्हॅसलीन जाड लावावे. किडा गुदमरून मरतो. दर तीन-चार दिवसांनी, महिनाभर. कोंबडा वेगळा ठेवावा, खुराड्याला चुना मारावा. तुऱ्यावर फोड असतील तर मात्र देवी समजून जनावरांचा दवाखाना गाठावा.