८८ दिवस आणि एक सही

ऑक्टोबर २०२४ मध्ये ऑस्ट्रेलियाने भारतीय तरुणांसाठी एका व्हिसाची सोडत खुली केली. जागा होत्या एक हजार. पहिल्या दोन आठवड्यांतच अर्जांची संख्या सुमारे चाळीस हजारांवर गेली. अर्जाचे शुल्क पंचवीस डॉलर, वयाची अट अठरा ते तीस, बारावीनंतरचे किमान दोन वर्षांचे शिक्षण, कामापुरते इंग्रजी आणि गाठीशी थोडी शिल्लक. निवड झालेल्याला वर्षभर त्या देशात राहता येते, फिरता येते आणि फिरण्याचा खर्च भागवण्यासाठी मिळेल ते काम करता येते. नियुक्तिपत्र लागत नाही, विद्यापीठाचा प्रवेशही लागत नाही. परदेशी जायचे तर कर्ज काढून शिकायला किंवा कंत्राटावर राबायला, असे दोनच रस्ते ज्या देशातील तरुणाला ठाऊक, त्याला हा तिसरा रस्ता मोहात पाडणारा वाटला यात नवल नाही.

दिल्लीत या सोडतीकडे व्यापार-मुत्सद्देगिरीचे यश म्हणून पाहिले गेले. ते यश आहेच. २ एप्रिल २०२२ रोजी सह्या झालेल्या आणि त्याच वर्षी २९ डिसेंबरला अमलात आलेल्या भारत-ऑस्ट्रेलिया व्यापार कराराच्या वाटाघाटींतून या हजार जागा मिळाल्या. परंतु या व्हिसाची खरी कसोटी पहिल्या वर्षात लागत नाही. ती दुसऱ्या वर्षाच्या उंबरठ्यावर लागते. आणखी एक वर्ष राहायचे असेल तर त्या तरुणाने आधी तीन महिने, म्हणजे व्यवहारात ८८ दिवस, ग्रामीण भागात सरकारने ठरवून दिलेले काम केलेले असले पाहिजे. तिसरे वर्ष हवे असेल तर आणखी सहा महिने. त्या यादीत पर्यटन, बांधकाम अशी इतरही कामे आहेत. पण बॅकपॅकर म्हटला की त्या देशात सर्वांच्या डोळ्यांसमोर येते ती शेतमजुरी.

ही व्यवस्था कशी घडली हे पाहण्यासारखे आहे. भ्रमंती करता करता काम करण्याची ही योजना १९७५ मध्ये सुरू झाली, तेव्हा तिचा घोषित हेतू सांस्कृतिक देवाणघेवाण हा होता. दुसरे देश पाहायला निघालेल्या मुलांनी थोडेफार काम करून प्रवासखर्च काढावा, एवढीच कल्पना. नोव्हेंबर २००५ पासून तिला नवी अट जोडली गेली : ग्रामीण भागात तीन महिने काम करा आणि दुसरे वर्ष मिळवा. जुलै २०१९ मध्ये त्यावर तिसऱ्या वर्षाचे आमिष चढले. प्रवासाची मुभा देणारा परवाना हळूहळू शेतीला मनुष्यबळ पुरवणारी यंत्रणा बनला; नाव मात्र जुनेच राहिले.

शेतकऱ्यांची बाजू खोटी नाही. क्वीन्सलँडच्या टली परिसरातील केळी, बोवेनचे टोमॅटो, बंडाबर्गची रताळी, मिल्डुराची द्राक्षे, टास्मानियातील चेरी ही सारी पिके माणसाच्या हातांवर अवलंबून आहेत आणि त्यांतली बहुतेक नाशवंत आहेत. तोडणीचा हंगाम काही आठवड्यांचा असतो, शेते शहरांपासून शेकडो किलोमीटर दूर असतात आणि स्थानिक तरुण त्या कामाकडे वळत नाहीत. किरकोळ बाजार दोन बड्या सुपरमार्केट साखळ्यांच्या हाती एकवटलेला असल्याने भावाच्या बाबतीत शेतकऱ्याला फारसे बोलता येत नाही. खत, पाणी, वाहतूक यांचे दर त्याच्या हाती नाहीत. हाती उरते ती फक्त मजुरी. कोविडच्या काळात सीमा बंद झाल्या तेव्हा या व्हिसावर देशात असलेल्यांची संख्या सुमारे एक लाख चाळीस हजारांवरून वीस हजारांच्या आसपास आली आणि कित्येक शेतांत तोडणीअभावी माल जागीच सडला. पाठीवर पिशवी टाकून फिरणाऱ्या पोरांवर एका श्रीमंत देशाची फळबाजारपेठ किती विसंबून आहे, हे त्या दोन वर्षांत सर्वांना दिसले.

आता हीच व्यवस्था त्या तरुणाच्या जागी उभे राहून पाहू. तो गावात येतो तेव्हा त्याच्याजवळ वाहन नसते, ओळख नसते. काम आणि निवारा यांची सोय बहुधा एकाच ठिकाणी होते : बॅकपॅकरांच्या वसतिगृहात. खोलीचे भाडे आठवड्याला आगाऊ भरायचे, काम मात्र लागेल तेव्हा लागेल. सकाळी गाडी शेतावर नेते, तिचे भाडे वेगळे. शेताचा मालक आणि मजूर यांच्यामध्ये अनेकदा मनुष्यबळ पुरवणारा ठेकेदार असतो. मजुरी कित्येकदा तासावर न ठरता उक्ती ठरते : इतक्या बादल्या, इतक्या पेट्या, त्याचे इतके डॉलर. केळीच्या बागेत चाळीस-पन्नास किलोंचा घड खांद्यावर पेलणे किंवा भर उन्हात वाकून दिवसभर बेरी तोडणे ज्याने कधी केले नाही, त्याचा हात पहिले काही आठवडे चालत नाही. उक्त्या दरात त्याच्या हाती तुटपुंजी रक्कम पडते. पाऊस आला किंवा फळ पिकायला वेळ लागला की काम थांबते, भाडे थांबत नाही. आणि काम न मिळालेले दिवस ८८ च्या मोजणीत सहसा धरले जात नाहीत.

या सर्वांवर कळस म्हणजे पुरावा. काम केल्याची नोंद आणि त्यावरची सही मालकाकडून किंवा ठेकेदाराकडून मिळवायची असते. ज्याला पन्नास दिवस भरलेले आहेत आणि अडतीस उरले आहेत, त्याला कमी मजुरी मिळाली तरी तो सहसा तोंड उघडत नाही. काम सोडले तर नव्या गावात नव्याने शोधाशोध, आणि व्हिसाची मुदत दररोज घटत असते. मजुराची सर्वांत मोठी ताकद म्हणजे न पटल्यास निघून जाण्याची मोकळीक. या अटीने नेमकी तीच ताकद काढून घेतली आहे.

हे केवळ तर्काने सांगितलेले नाही. ऑस्ट्रेलियाच्या फेअर वर्क ऑम्बुड्समन या कामगार-हक्क यंत्रणेने २०१६ मध्ये या व्हिसाधारकांची चौकशी प्रसिद्ध केली. चार हजारांहून अधिक जणांच्या पाहणीत ३५ टक्क्यांनी आपल्याला किमान वेतनापेक्षा कमी मजुरी मिळाल्याचे सांगितले. १४ टक्क्यांना ग्रामीण काम मिळवण्यासाठी आगाऊ पैसे मोजावे लागले होते आणि ६ टक्क्यांनी मालकाच्या सहीसाठी पैसे दिले होते. याच यंत्रणेने २०१८ मध्ये फळबागांच्या पट्ट्याचा दुसरा अहवाल दिला. त्यात छाननी झालेल्या सहाशेहून अधिक व्यवसायांपैकी निम्म्याहून अधिकांनी कामगार कायदा मोडल्याचे आढळले आणि अडीच हजारांहून अधिक मजुरांना दहा लाख डॉलरहून अधिक थकबाकी मिळवून द्यावी लागली.

त्याहून जड किंमतही काहींनी मोजली आहे. जून २००० मध्ये क्वीन्सलँडमधील चिल्डर्स या शेतीच्या गावात बॅकपॅकरांच्या वसतिगृहाला लावलेल्या आगीत पंधरा तरुण दगावले. ऑगस्ट २०१६ मध्ये होम हिल येथील वसतिगृहात एका ब्रिटिश तरुणीची हत्या झाली. ती ८८ दिवस पूर्ण करण्यासाठीच तिथे गेली होती. तिच्या आईने पुढे या अटीविरुद्ध आणि वसतिगृहांतील परिस्थितीविरुद्ध दीर्घ मोहीम चालवली.

ऑस्ट्रेलियाने डोळे मिटून घेतले, असे म्हणणे अन्यायाचे होईल. डिसेंबर २०१५ पासून बिनपगारी ‘स्वयंसेवा’ या मोजणीतून वगळण्यात आली. क्वीन्सलँड, दक्षिण ऑस्ट्रेलिया, व्हिक्टोरिया या राज्यांनी मजूर-ठेकेदारांना परवाना सक्तीचा केला. कामगार संघटनेच्या अर्जावर तेथील फेअर वर्क आयोगाने नोव्हेंबर २०२१ मध्ये महत्त्वाचा निर्णय दिला आणि एप्रिल २०२२ च्या अखेरीपासून फळबागांतील उक्त्या कामालाही तासाच्या किमान वेतनाचा आधार मिळाला. एखाद्याच्या व्हिसाच्या अडचणीचा फायदा घेऊन त्याला राबवणे जुलै २०२४ पासून, तर जाणूनबुजून वेतन बुडवणे जानेवारी २०२५ पासून फौजदारी गुन्हा झाले आहे. हे सारे कायदे चांगले आहेत. पण ते तक्रारीवर चालतात आणि तक्रार करणारा सहीसाठी अडलेला आहे. व्हिसा-पद्धतीचा आढावा घेणाऱ्या पार्किन्सन समितीने २०२३ मध्ये ही गाठ नेमकी ओळखली. हा व्हिसा एका वर्षापुरता ठेवण्याचा विचार करावा, म्हणजे मुदतवाढीसाठी कोणी मालकाला बांधला जाणार नाही, असे तिने सुचवले. अट अजून कायम आहे.

मात्र ती सर्वांसाठी कायम नाही, आणि भारतीय वाचकाने लक्ष द्यावे ते इथेच. १ जुलै २०२४ पासून ब्रिटिश पारपत्रधारकांना शेतावर एकही दिवस न राबता तिन्ही वर्षांचे व्हिसा मिळू शकतात. ब्रिटनने ही सवलत मुक्त व्यापार कराराच्या वाटाघाटींत मिळवली. त्याबरोबर वयाची मर्यादाही पस्तीसपर्यंत वाढवून घेतली. बॅकपॅकरांवर पहिल्या डॉलरपासून पंधरा टक्के कर लावण्याची पद्धत २०१७ मध्ये सुरू झाली, तेव्हा एका ब्रिटिश तरुणीने दुहेरी कर टाळण्याच्या करारातील भेदभावविरोधी कलमाचा आधार घेतला आणि नोव्हेंबर २०२१ मध्ये ऑस्ट्रेलियाच्या उच्चतम न्यायालयात खटला जिंकला. म्हणजे एकाच बागेत, एकाच ओळीत फळे तोडणाऱ्या दोघांपैकी कोण नाराज झाल्यास निघून जाऊ शकतो, हे त्यांच्या खिशातील पारपत्र ठरवते. आणि पारपत्राचे ते वजन त्या-त्या सरकारने वाटाघाटींच्या टेबलावर कमावलेले असते. ब्रिटन हा या योजनेत सर्वाधिक तरुण पाठवणाऱ्या देशांपैकी एक. त्याच्याशिवाय शेती चालू शकते असे कॅनबेराने मान्य केले असेल, तर हजार भारतीयांवाचून ती अडेल असा दावा कोणी करू शकणार नाही.

भारतीयांना ती शेते नवी नाहीत. न्यू साउथ वेल्सच्या किनाऱ्यावरील वूलगूल्गा या गावात पंजाबी शीख दुसऱ्या महायुद्धाच्या काळात केळीच्या बागांत मजुरीला आले. त्यांच्यातील अनेकजण त्याआधी उत्तरेकडे उसाच्या मळ्यांत राबले होते, तेही गोऱ्यांखेरीज इतरांना दारे बंद करणाऱ्या धोरणाच्या काळात. पुढे त्यांनी जमिनी घेतल्या, १९६८ मध्ये गुरुद्वारा उभारला, आणि आज त्या परिसरात केळीची जागा बऱ्याच अंशी ब्लूबेरीने घेतली आहे. तिथल्या बागांत मालकही भारतीय वंशाचा आणि तोडणी करणारा तरुणही भारतीय, हे दृश्य दुर्मीळ राहणार नाही. आपल्या माणसाची भाषा बोलणारा मालक मजुराला आधार देतो, हे खरे. पण त्याच आपलेपणामुळे मजुरीचा हिशेब मागायला जीभ रेटत नाही, हेही आपल्याला चांगले ठाऊक आहे.

आपल्या सरकारजवळ या तरुणांसाठी चौकटच नाही, ही अधिक गंभीर बाब आहे. १९८३ चा उत्प्रवासन कायदा प्रामुख्याने आखाती आणि आग्नेय आशियाई देशांत जाणाऱ्या अल्पशिक्षित कामगाराला डोळ्यांसमोर ठेवून राबवला जातो. ज्या १८ देशांसाठी पूर्वमंजुरी लागते, त्यांत ऑस्ट्रेलिया नाही. पदवीधर म्हणून या तरुणाच्या पारपत्रावर तशी अटही नसते. विद्यार्थी म्हणून त्याची नोंद नाही, कामगार म्हणून नाही. कागदोपत्री तो हौशी प्रवासी आहे. प्रत्यक्षात मात्र वर्षातील काही महिने तो शेतमजूर असणार आहे.

‘एवढे सहन करायचे नसेल तर दुसरे वर्ष मागूच नका’, असे यावर कोणी म्हणेल. अट ऐच्छिक आहे हे खरेच. पण तिकीट, विमा, शुल्क आणि सोबत न्यायची शिल्लक यांसाठी मध्यमवर्गीय घराने लाखांत खर्च केलेला असतो. तो भरून काढायला पहिले वर्ष अनेकदा पुरत नाही. त्यात रुपयांचा गुणाकार घात करतो. जुलै २०२४ मध्ये तेथील किमान वेतन तासाला २४ डॉलर १० सेंट झाले, म्हणजे तेव्हाच्या दराने साधारण तेराशे रुपये. हंगामी मजुराला त्यावर पंचवीस टक्के अधिक द्यावे लागतात. कोणी पंधरा डॉलर हातावर ठेवले तरी आपला मुलगा मनातल्या मनात आठशे रुपये मोजतो आणि समाधान मानतो. खोलीचे भाडे आणि भाकरी मात्र डॉलरमध्येच असते.

दिल्लीने करायच्या गोष्टी अवघड नाहीत. व्यापक आर्थिक भागीदारीच्या कराराची बोलणी ऑस्ट्रेलियाशी पुढे चालू आहेत. जागा हजाराच्या दोन हजार करून घेण्याआधी ब्रिटनला मिळालेली सूट भारतीयांना मागावी. ती मिळेपर्यंत, ८८ दिवसांचा पुरावा मालकाच्या सहीऐवजी कर खात्यातील वेतननोंदींवरून ग्राह्य धरावा, असा आग्रह धरावा. मजुरी कुणी दिली आणि किती दिली हे त्या खात्याला मालकाकडूनच कळत असते. आणि सोडतीत नाव लागलेल्या प्रत्येकाला निघण्यापूर्वी त्याच्या भाषेत दोन पाने द्यावीत : तासाचा किमान दर किती, वेतनचिठ्ठी मागण्याचा हक्क कोणता, सहीसाठी पैसे मागितल्यास तक्रार कुठे करायची.

हजार हा आकडा लहान आहे, म्हणूनच वेळ अनुकूल आहे. आखातातील कामगारांच्या प्रश्नांकडे आपण लाखो माणसे तिथे पोहोचल्यावर पाहिले आणि आजही त्या उशिराची किंमत मोजत आहोत. इथे पहिल्या तुकड्यांतील मुले कोणत्या अनुभवासह परततात, हे आपल्याला एकेकाला बोलावून विचारता येईल. परराष्ट्र मंत्रालयाने निदान तेवढे तरी करावे.