हार्डडिस्कचे दोषसंकेत : अर्थनिर्णय आणि उपाय

बहिणाबाई चौधरी यांचे निधन १९५१ साली झाले व त्यांच्या गाण्यांचा संग्रह १९५२ साली प्रसिद्ध झाला. त्या निरक्षर होत्या. घरच्यांनी जेवढे उतरवून घेतले तेवढेच मागे राहिले. खानदेशातील बोलींच्या अभ्यासकांस ही गोष्ट कायमची ताकीद होय. आज जळगाव व धुळे या जिल्ह्यांत अहिराणीचे किंवा लेवा गणबोलीचे नमुने गोळा होतात ते बहुधा ध्वनिमुद्रणाच्या रूपाने, आणि अशी मुद्रणे अखेर एखाद्या सर्व्हरच्या हार्डडिस्कवर जाऊन पडतात. सांगणारी वृद्धा निवर्तल्यावर तिचे मुद्रण पुन्हा करता येत नाही. म्हणून डिस्क दोषसंकेत देऊ लागली असता त्याचा अर्थ लावणे हे केवळ यंत्रज्ञाचे काम राहत नाही.

हार्डडिस्क स्वतःच्या प्रकृतीची नोंद स्वतःच ठेवीत असते. या व्यवस्थेस ‘स्मार्ट’ असे नाव असून तिच्यात प्रत्येक लक्षणास क्रमांक दिलेला असतो. अहिराणीत ‘आंडोर’ म्हणजे मुलगा आणि ‘आंडेर’ म्हणजे मुलगी. एका स्वराने अर्थ पालटतो. तोच प्रकार येथे आढळतो. क्रमांक १९८ हा वाचता न येणाऱ्या सेक्टरांची संख्या सांगतो, म्हणजे दोष खुद्द तबकडीत असतो. लगतचा १९९ मात्र डिस्क व सर्व्हर यांच्यामधील वहनात झालेल्या चुका मोजतो. तेथे दोष बहुधा केबलचा किंवा जोडणीचा असतो. हा भेद न ओळखल्यास चांगली डिस्क फेकली जाते आणि सदोष केबल जागेवरच राहते.

क्रमांक ५ आणि १९७ हे एकत्र वाचावयाचे असतात. एखादा सेक्टर वाचता आला नाही म्हणजे डिस्क त्यास संशयित ठरविते. ही १९७ ची नोंद. पुढे त्याच जागी नवे लेखन झाले की तो सेक्टर एक तर निर्दोष ठरतो, नाही तर त्याचे काम राखीव जागेकडे सोपविले जाते. ही ५ ची नोंद. यावरून एक महत्त्वाची गोष्ट निष्पन्न होते. १९७ चा आकडा शून्यावर आला म्हणजे जुना मजकूर परत मिळाला असे नव्हे. त्यावर दुसरे काही लिहिले गेले, एवढाच त्याचा अर्थ असू शकतो.

मोठ्या सर्व्हरांतील सॅस पद्धतीच्या डिस्का निराळी परिभाषा वापरतात. तेथे मुख्य संकेत १ म्हणजे चूक झाली पण ती सावरली गेली. ३ म्हणजे माध्यमातील दोष. ४ म्हणजे यंत्रभागातील दोष. ६ हा संकेत पुष्कळदा केवळ वीज जाऊन आल्याची वर्दी असतो. त्यास बिघाड समजून धावपळ करणे व्यर्थ होय.

संकेतांस भविष्यवाणीही समजू नये. गूगलच्या संशोधकांनी २००७ साली एक लाखाहून अधिक डिस्कांचा अभ्यास प्रसिद्ध केला. तपासणीत पहिली चूक आढळलेली डिस्क पुढील ६० दिवसांत निकामी होण्याचा संभव निर्दोष डिस्कच्या ३९ पट दिसला. उलट, निकामी झालेल्या डिस्कांपैकी निम्म्याहून अधिकांनी प्रमुख चार लक्षणांपैकी एकही दाखविले नव्हते. संकेत मिळाला तर तो गंभीर मानावा. न मिळाला तर निश्चिंत राहू नये. उष्णतेशीही त्यांस अपेक्षेइतका दृढ संबंध आढळला नाही. तेव्हा जळगावच्या वैशाखात डिस्क बिघडली म्हणून दोष उन्हाच्या माथी मारून तपास थांबविणे उचित नव्हे.

उपायांचा क्रम निदानाइतकाच महत्त्वाचा आहे. प्रथम डिस्कवरील नवे लेखन थांबवावे आणि मजकुराची प्रत दुसऱ्या डिस्कवर काढावी. त्यापूर्वी दुरुस्तीची आज्ञा देऊ नये. कारण दुरुस्ती म्हणजेही लेखनच. ‘डीडीरेस्क्यू’ हे साधन सुवाच्य भाग आधी उचलते व अवघड भागाकडे मागाहून वळते. जीर्ण पोथी उतरविणाराही असेच करील. डिस्कमधून टकटक आवाज येत असल्यास मात्र वीज बंद करून ती तज्ज्ञाकडे सोपवावी. प्रत हाती आल्यावर केबल बदलून पाहावी. १९९ चा आकडा मागे येत नाही. तो वाढावयाचा थांबला की नाही एवढेच पाहावे. नंतर दीर्घ स्वपरीक्षा चालवावी आणि ५, १९७ वा १९८ वाढत असल्यास डिस्क बदलावी. काढण्यापूर्वी तिचा अनुक्रमांक ताडून पाहणे आवश्यक आहे. रेड-५ रचना एकाच डिस्कचा नाश सोसते; चुकून चांगली डिस्क उपसली तर सारा संच कोसळू शकतो. नवी डिस्क भरत असता उरलेल्या सर्व डिस्का आद्यंत वाचल्या जातात, आणि त्यांतील सुप्त दोष नेमके तेव्हाच प्रकट होतात. म्हणून रेड म्हणजे दुसरी प्रत नव्हे.

एका दिवसाचा आकडा मुका असतो. त्याची वाढ बोलते. याकरिता विभागात एक वही ठेवून प्रत्येक डिस्कचे हे चार आकडे दर महिन्यास तारखेसह लिहावेत, आणि मुद्रणांची एक प्रत जळगावी असल्यास दुसरी धुळ्यास ठेवावी.