सागाची वलये आणि सालांचा हिशेब

सागाचे झाड दर वर्षी आपल्या खोडात एका वलयाची भर घालते. पालवी फुटू लागली की सालीखालच्या वाढत्या थरातून प्रथम मोठ्या पोकळ वाहिन्यांची रांग तयार होते. पुढे पावसाळाभर बनणाऱ्या काष्ठातील वाहिन्या उत्तरोत्तर बारीक होत जातात. आणि पानगळीनंतर वाढ थांबते. पुढील वर्षीच्या मोठ्या वाहिन्या या बारीक वाहिन्यांना लगटूनच येतात व दोन वर्षांमधील सीमा डोळ्यांना स्पष्ट दिसते. उष्ण कटिबंधातील बहुसंख्य वृक्षांत अशी सीमा नीट उमटत नाही. सागात ती उमटते, म्हणूनच दक्षिण भारताच्या पावसाचा जुना इतिहास शोधणाऱ्या शास्त्रज्ञांना सागाचे खोड मोलाचे वाटते.

बंगळूरच्या मल्लेश्वरम् भागात काष्ठविज्ञान व तंत्रविज्ञान संस्था आहे. तेथील व पुण्याच्या उष्णदेशीय हवामानशास्त्र संस्थेतील संशोधकांनी भारतीय द्वीपकल्पातील दोन ठिकाणच्या सागाच्या वलयांचा हवामानाशी असलेला संबंध तपासला आणि २०११ साली बंगळूरहूनच निघणाऱ्या ‘करंट सायन्स’ या नियतकालिकात तो मांडला. त्याआधी, २०१० साली, पुण्याच्या संस्थेतील एच. पी. बोरगावकर व त्यांच्या सहकाऱ्यांनी केरळातील सागापासून १४८१ ते २००३ अशी ५२३ वर्षांची अखंड वलयमालिका सिद्ध केली होती. ज्या वर्षी पॅसिफिक महासागराचे पाणी तापून ‘एल निनो’ निर्माण झाला आणि मोसमी पाऊस उणा पडला, अशा अनेक वर्षांची वलये तीत अरुंद आढळतात.

नोंदी अपुऱ्या का पडतात?

संपूर्ण भारताच्या मोसमी पावसाची विश्वसनीय मालिका १८७१ पासूनची आहे. तिच्या आरंभीच १८७६ ते १८७८ चा महादुष्काळ येतो. त्यात मैसूर संस्थानातील लक्षावधी माणसे मृत्युमुखी पडली. असा दुष्काळ शतकातून एकदा येतो की तीन शतकांतून एकदा, हे दीडशे वर्षांच्या नोंदींवरून ठरविता येत नाही. हा प्रश्न केवळ कुतूहलाचा नव्हे. बंगळूर आपल्या पाण्यासाठी मुख्यत्वे शंभरएक किलोमीटरवरून आणलेल्या कावेरीवर अवलंबून आहे. २०२३ चा पाऊस कमी पडताच २०२४ च्या उन्हाळ्यात शहराला तीव्र पाणीटंचाई सोसावी लागली. पाऊस किती काळ दगा देऊ शकतो, हे जाणण्यासाठी मापकयंत्रांच्या मागे जावे लागते. आणि तेथे झाडांची साक्ष उपयोगी पडते. मात्र ती साक्ष अचूक सालाची असली पाहिजे.

मोजणी पुरेशी नसते

जिवंत झाडाच्या सालीलगतचे वलय चालू वर्षाचे. तेथून आत मोजत गेले म्हणजे साल कळेल, असे प्रथमदर्शनी वाटते. परंतु भीषण अवर्षणात झाड खोडाच्या एखाद्या बाजूस वलय मुळीच धरीत नाही. उलट, पावसाळ्यात मध्येच दीर्घ उघडीप पडून पुन्हा पाऊस आला, तर एकाच वर्षी दोन वलयांचा भास होतो. दक्षिणेत नैर्ऋत्य मोसमी पावसाच्या पाठोपाठ ईशान्येकडील पाऊसही येत असल्याने ही अडचण वाढते.

यावरील उपाय म्हणजे अनेक झाडांची परस्परांशी जुळणी. एका प्रदेशातील झाडे एकच पाऊस पितात. त्यामुळे रुंद व अरुंद वलयांचा क्रम त्या सर्वांत साधारणतः सारखा असतो. अमेरिकन ज्योतिर्विद ए. ई. डग्लस यांनी विसाव्या शतकाच्या आरंभी ही पद्धत घडविली. त्यांच्या मालिकेत प्राचीन घरांच्या तुळयांचा भाग आणि जिवंत झाडांचा भाग यांत खंड होता. २२ जून १९२९ रोजी ॲरिझोनात सापडलेल्या एका जळक्या तुळईने तो सांधला आणि नैर्ऋत्य अमेरिकेतील अनेक प्राचीन वसाहतींचा काळ एकाएकी निश्चित झाला. ही जुळणी कागदाच्या पट्ट्यांवर खुणा करून, नजरेने केली जात असे.

संगणक काय करतो?

आज वलयांची रुंदी मिलिमीटरच्या शतांशापर्यंत मोजतात आणि पुढील काम संगणकाच्या आज्ञावलीकडे सोपवितात. बेलफास्ट येथे बेली व पिल्चर यांनी १९७३ साली अशी एक आज्ञावली प्रसिद्ध केली. अमेरिकेतील रिचर्ड होम्स यांची ‘कोफेचा’ ही आज्ञावली १९८३ ची असून ती अद्याप जगभर वापरात आहे.

झाड वयात येते तशी त्याची वलये स्वाभाविकपणेच बारीक होत जातात. म्हणून आज्ञावली प्रथम ही मंद उतरण वजा करते व वर्षावर्षांतील चढउतार तेवढे ठेवते. मग एक मालिका दुसरीवर ठेवून, एकेक वर्ष सरकवीत, प्रत्येक ठिकाणी सहसंबंधांक काढते. पूर्ण मेळ असेल तर तो १ येतो. काहीच मेळ नसेल तर शून्याच्या आसपास राहतो.

‘कोफेचा’ मालिकेचे सामान्यतः पन्नास-पन्नास वर्षांचे तुकडे पाडते. प्रत्येक तुकडा मागच्यावर पंचवीस वर्षे चढलेला असतो. एखाद्या तुकड्याचा अंक सुमारे ०.३३ च्या खाली गेला, किंवा तोच तुकडा काही वर्षे मागेपुढे सरकविल्यास अधिक चांगला जुळत असला, तर ती तेथे खूण करते. समजा, एका नमुन्यात १८७७ चे वलय उमटलेच नाही. सालीकडून मोजणारा १८७६ च्या वलयालाच १८७७ म्हणेल आणि त्यापलीकडचे प्रत्येक साल एका वर्षाने चुकेल. बाहेरचे तुकडे नीट जुळतील. आतले मात्र एक वर्ष सरकविल्यावरच जुळतील. चूक कोणत्या दशकाच्या आसपास शिरली, हे त्यावरून लक्षात येते.

अशी चूक राहिली तर तिचे परिणाम दूरवर पोचतात. चुकलेली मालिका इतरांत मिसळून सरासरी काढली, की एका झाडातील दुष्काळाचे वलय दुसऱ्यातील सुकाळाच्या वलयावर पडते. दोन्हींचा ठसा पुसट होतो व इतिहासातील भीषण वर्ष साधारण वर्षासारखे दिसू लागते.

यंत्राची मर्यादा

०.३३ हा अंक अशा रीतीने निवडलेला आहे की निव्वळ योगायोगाने तो ओलांडला जाण्याचा संभव शंभरात एक असावा. परंतु साल अज्ञात असलेला तुकडा तीनशे निरनिराळ्या जागी ताडून पाहिला, तर सुमारे तीन जागी योगायोगानेच ‘जुळणी’ मिळेल. म्हणून आखूड नमुन्याचा एखादा मोठा अंक पुरावा ठरत नाही. मालिका लांब हवी, तिचा मेळ एकाहून अधिक झाडांशी बसला पाहिजे आणि एकच जागा इतर सर्व जागांहून स्पष्टपणे सरस ठरली पाहिजे.

त्यानंतरही अखेरचा निर्णय काष्ठाकडे पाहूनच घ्यावा लागतो. संगणकापुढे केवळ रुंदीचे आकडे असतात. वाहिन्यांची रांग त्याला दिसत नाही. म्हणून खूण झालेल्या ठिकाणी संशोधक घासून गुळगुळीत केलेला नमुना पुन्हा सूक्ष्मदर्शकाखाली ठेवतो. सीमेवर मोठ्या वाहिन्या आहेत काय, ती रेषा खोडाभोवती अखंड जाते काय, दुसऱ्या बाजूस हरवलेले वलय सापडते काय, हे तो पाहतो. कारण सापडले तरच दुरुस्ती करावयाची. केवळ अंक वाढावा म्हणून वलय घालावयाचे वा गाळावयाचे नाही, असा या शास्त्राचा दंडक आहे. तो पाळला, तरच पाच शतकांच्या पावसाचा हिशेब धरणे व तलाव यांच्या योजना आखणाऱ्यांच्या हाती विश्वासाने देता येतो.